पाण्याची पाळी

आमच्या बोळात पाणी चौथ्या दिवशी येतं, कधी पाचव्या.
कोणत्या घटकेला, ते चावी फिरवणारा इरण्णा जाणे;
पुष्कळदा तोही नेणे.
मिलचा भोंगा थांबल्यापासून
सोलापूरच्या या कोपऱ्याला वेळ सांगणारं कुणी नाही.

आई मोरीच्या उंबऱ्याशी निजते.
उशाला बॅटरी, पायथ्याशी घागरी,
नळाखाली उपडं जर्मनचं ताट,
पहिला थेंब वाजावा म्हणून.
थेंबाआधी नळ खाकरतो, वारा सोडतो,
जुना दमेकरी उठून बसावा तसा.
तोवर आईनं पदर खोचलेला असतो.

आधी आमच्या घागरी नाहीत.
आधी दारं.
अंबक्का येमुलची कडी, मग रफिकभाईंचा पत्रा,
मग वरच्या खोलीतली नवी बाळंतीण,
जिचं नाव अजून कुणाला नीट ठाऊक नाही:
"उठा ओ, यायलंय! पाणी यायलंय!"

मी एकदा मोटर आणली, अर्ध्या हॉर्सपॉवरची.
नळाला लावली की पाच मिनिटांत टाकी.
आईनं ती हातात जोखून बघितली
आणि विचारलं, "हे पाणी कुणाच्या नळातनं ओढायचं?"
मोटर अजून माळ्यावर आहे. खोक्यासकट.

तिच्या वाट बघण्याला मी हसायचो.
रविवारी पाळक म्हणायचे, प्रभू दाराशी आहे,
आणि ती मान हलवायची
जशी इरण्णाची सायकल दिसल्यावर हलवते.

शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. शतक संपायला आलं होतं.
कुठूनसा एक भाई आला, पांढरी सफारी, खिशात तारीख.
जून महिन्यातली.
स्तेफन काकांनी दोन्ही माग विकले,
पोरांची नावं शाळेतनं काढली,
त्या रात्री घरादारासकट गच्चीवर जाऊन बसले
आभाळाकडे तोंड करून, कोऱ्या चादरी पांघरून.
आम्हालाही बोलावणं होतं.
आई म्हणाली, "माझे चाळीस शर्ट राहिलेत."
गणवेशाचे. नुसती बटणं लावायची, डझनाला सात रुपये.
"सोमवारी पोरांनी उघड्या अंगानं जायचं का शाळेत?"
"आणि तो आलाच तर?" मी विचारलं.
तिनं सुईत दोरा ओवला.
"तर म्हणीन, थांब जरा, गाठ मारते."

सकाळी दूधवाला आला.
काका खाली उतरले ते जिन्याच्या पायऱ्या मोजत,
कुणाच्या नजरेला नजर न देता.
भाई कोणत्या गाडीनं गेला कुणी पाहिलं नाही.
आईनं काकांना चहा दिला, कपबशीत, पाहुण्यासारखा,
आणि बशीखाली
त्या चाळीस शर्टांचे पैसे,
पोरांची नावं पुन्हा घालायला.

आता तिला कमी ऐकू येतं.
परवा नळ खाकरला असेल, ताट वाजलं असेल,
धार लागली असेल.
आई झोपलेली. मीही, छातीवर मोबाईल.
दारावर थापा. अंबक्का,
विड्या वळून पिवळी पडलेली बोटं, सुटलेले केस,
तेलुगू वळणाच्या मराठीत ओरडत:
"दीनाबाई! काय झोपलाय! पाणी आलं की!"

आई धडपडत उठली.
घागरी लावताना हसत होती का रडत होती,
बॅटरीच्या उजेडात कळेना.
सगळं भरून झालं, लोटेसुद्धा,
तेव्हा उंबऱ्यावर टेकली
आणि ओल्या हातांकडे बघत म्हणाली,
"एवढी वर्षं मला वाटायचं,
जागं मीच राहायचं आहे."

नळ गुरगुरला, थांबला.
तिनं ताट पुन्हा उपडं घातलं.
"चार दिवस आहेत अजून," मी म्हटलं, "आत्ता कशाला?"
तिला ऐकू आलं नसावं.